सर्व्हे नंबर एकशे चौदामधलं पाणी

फाल्गुन सरत आला तोवर चिन्नगुट्ट्यातल्या बहुतेक बोअरनी मान टाकली होती. भिंतीपलीकडच्या नव्या कॉलनीत दिवसातून दोनदा टँकर येत होता आणि त्याच्या नळीवरून चांगल्या शिकल्यासवरल्या बायका एकमेकींच्या अंगावर धावून जात होत्या. एकनाथरावांच्या मळ्यात मात्र पाट वाहत होता. पालक, कोथिंबीर, चुका, पुदिना आपापल्या वाफ्यात तरारून उभे होते. एकनाथराव बांधावर बसून, भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला सांगत होते, "त्रिवेणी, वाफ्याचं दारं मोड गं. पानी लई झालं."

पाणी लई वगैरे काही झालं नव्हतं. विहिरीनं तळ दाखवायला सुरुवात केली होती आणि मोटर दीड तास चालली की घशात काही अडकल्यासारखी खाकरत होती. पण त्या घरात पाण्याबद्दल कमी बोलायची पद्धत नव्हती.

एकनाथरावांचे वडील देगलूरकडून इकडं आले ते या विहिरीपायी. हैद्राबाद तेव्हा लांब होतं, टांग्यानं अर्धा दिवस लागायचा. पाच एकर घेतले होते. त्यातले तीन रिंगरोडनं आणि वाटण्यांनी नेले, दोन उरले. त्या दोन एकरांत विहीर, भाजी धुवायचं टाकं, आणि कोपऱ्यात पत्र्याच्या दोन खोल्या. रानात उभं राहून 'पाणी नाही' असं कुणी म्हणायचं नाही, हा वडिलांचा दंडक. विहीर आटली तर 'माय रुसली' म्हणायचं, मोटर बंद पडली तर 'माय निजली' म्हणायचं. त्रिवेणी एकोणीस वर्षांची असताना जहिराबादहून लग्न होऊन आली आणि दुसऱ्याच आठवड्यात रिकामी घागर घेऊन परत येत म्हणाली, "आत्याबाई, पाणी नाही की विहिरीत." सासूनं तिच्या तोंडावर हात ठेवला, दहीभाताचा नैवेद्य करायला लावला आणि विहिरीच्या काठावर नाक घासायला लावलं. त्रिवेणीला तेव्हा हसू आलं होतं. आता चोवीस वर्षं झाली, तिच्याही तोंडून तो शब्द निघत नव्हता.

तर अशा घरात पिवळी जाकिटं घातलेली दोन पोरं हातात टॅब घेऊन आली, तेव्हा व्हायचं तेच झालं. नगरपालिकेचा मास्टर प्लॅन व्हायचा होता, त्याची पाहणी होती. उन्हानं दोघांचे चेहरे काळवंडले होते. एकनाथरावांनी आधी विहिरीचं पाणी शेंदून दिलं, वर गुळाचा खडा दिला. पोरं तांब्याला तोंड लावून प्याली.

"बाबा, इधर पानी रहता क्या?"

"रहता क्या पूछते? जाताच नहीं," एकनाथराव म्हणाले. "बारा महिने. ये धूप में बी देखो, पाट चल रा."

"बारिश में?"

"बारिश में तो पूछोच नक्को. वो कोरोनावाले साल में बड़ी बारिश आई थी ना? इत्ता पानी." त्यांनी हात कमरेला लावला. "आठ दिन ठैरा था."

त्या वर्षी पलीकडचं अर्धवट बुजवलेलं मैसम्माचं कुंटं, म्हणजे लहान तळं, फुटून पोटरीभर पाणी दोन दिवस उभं राहिलं होतं आणि सगळी मेथी कुजून गेली होती. त्रिवेणी वाफ्यात बसून रडली होती. पण आज पालक कापताकापता म्हाताऱ्याची बढाई ऐकून तिलाही बरंच वाटलं. चारी बाजूंनी सिमेंट चढत असताना आपल्या रानाचं कौतुक कुणी लिहून घेतंय, एवढंच तिच्या मनात आलं. पोरांनी लिहून घेतलं, टॅबवर बोट फिरवलं, एक कागद पुढं केला. एकनाथरावांनी चष्मा पुसला आणि मराठीत, एकेक अक्षर कोरत, सही केली. जाताना पोरांना पुदिन्याच्या दोन-दोन जुड्या दिल्या.

महिन्याभरानं वॉर्डाचा कौन्सिलर यादगिरी स्कूटरवरून आला. फुकटची भाजी न्यायला तो आठवड्याला येतच असे. त्या दिवशी अंबाडीची जुडी पिशवीत कोंबताना म्हणाला, "अम्मा, दफ्तर में नक्शा लगा. तुम्हारा नंबर एक बार देख लेना." आणि डोळ्याला डोळा न देता निघून गेला. त्रिवेणीला त्याचं न बघणंच खटकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची कापणी उरकून ती लेकीला घेऊन नगरपालिकेत गेली. मानसी डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला होती. इंग्रजी आणि तेलुगू ती फडाफडा वाचायची. मराठी मात्र आजोबांची पोथी पुढं आली की बोट ठेवून अडखळत. नकाशा जिन्याखाली, बंद पडलेल्या वॉटर कूलरच्या मागं चिकटवला होता. त्रिवेणीनं पदर खोचून तो कूलर बाजूला ढकलला. धुळीनं दोघी शिंकल्या.

मानसी बराच वेळ बोट फिरवत राहिली. कॉलनी पिवळी होती. रस्ते तांबडे होते. पिवळ्याच्या शेजारी एक निळा डाग होता आणि त्यावर ११४ लिहिलं होतं.

"अम्मी, ये अपना खेत है," मानसी म्हणाली. घाबरली की ती मराठी विसरायची. "हे लेक दाखवायलेत. तळं."

"तळं पलीकडं होतं की गं. मैसम्माचं. त्यावर तर कॉलनी बसली."

"तिकडं आता पिवळं आहे. प्लॉट्स."

त्रिवेणीनं लग्नानंतरची पहिली पाच वर्षं त्या कुंट्यावर धुणं धुतलं होतं. मग बिल्डरची भिंत आली, भिंतीमागं वर्षानुवर्षं टिप्परनी मुरूम पडत राहिला, आणि एक दिवस मैसम्मादेवीची घुमटी कॉलनीच्या पार्किंगमध्ये टाइल्स लावलेली दिसली. सरकारी दफ्तरात कुंट्याची नोंद जुनी होती, ती खोडता येत नव्हती. पावणेदोन एकराचं कुंटं नकाशात कुठंतरी दाखवणं भाग होतं. मग ते भिंत ओलांडून इकडं आलं.

वरच्या मजल्यावरच्या क्लार्कनं दोघींना तासभर उभं केलं आणि मग फाइल काढली. "शिकम है ये," तो म्हणाला. शिकम म्हणजे तळ्याच्या पोटातली जमीन. पट्टा कुणाच्याही नावावर असो, तीत घर नाही, गोठा नाही, पीक नाही, आणि सरकारनं ताबा घेतला तर मोबदलाही नाही. त्रिवेणीनं तोंड उघडायच्या आतच त्यानं पंचनाम्याचा कागद तिच्यापुढं धरला. खाली म्हाताऱ्याची कोरलेली सही होती. "तुम्हारे ससुर बोले ना? बारा महिने पानी. कमर तक. हम घर से लाके लिखे क्या?"

"सायब, वो ऐसेच बोलते," त्रिवेणी म्हणाली. "उनकी आदत है."

"आदत का कालम नहीं है इसमें. आब्जेक्शन डालो. तीस दिन का टाइम था, बाईस हो गए."

रात पडायच्या आत घरात सगळ्यांना कळलं होतं. प्रभाकर, त्रिवेणीचा नवरा, बाजारात माल उतरवून ऑटो घेऊन आला तो अंगणातच ओरडला. "कोन सांगितलं होतं आबा तुम्हाला तोंड उघडायला? आं? कोन विचारायला आलं की लागले आपले विहिरीचे पवाडे गायला!"

"मी पानी हाय म्हनलो," एकनाथराव म्हणाले. "तळं हाय म्हनलो काय?"

"कमरंएवढं पानी आठ दिवस म्हनलं की त्याला काय म्हनतेत? बादली म्हनतेत?"

म्हाताऱ्यानं ताटावरून हात काढला आणि ताटातच धुतला. उरलेली भाकरी त्रिवेणीनं म्हशीला घातली. तिला सासऱ्याचा राग आला होता आणि त्याहून जास्त स्वतःचा आला होता, कारण त्या दिवशी वाफ्यात बसून ती खूश झाली होती.

तिसऱ्या दिवशी ती शहरात नारायणगुड्याला मकरंद वकिलांकडं गेली. त्या घरात तिच्या सासूनं तीस वर्षं टोपलीतून भाजी घातली होती. वकिलांचे आजोबा निजामाच्या कोर्टात होते, वडील हायकोर्टात. मकरंदरावांच्या भाषेत अजून तो जुना अदबीचा साज होता. त्यांनी त्रिवेणीला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि सगळे कागद दोनदा वाचले.

"हे पाहा त्रिवेणीबाई," ते म्हणाले, "कुंट्याचा जुना नकाशा काढायचा, बिल्डरवर दावा लावायचा, याला वर्षं जातील. तोवर तुमचं घर राहायचं नाही. आत्ता एकच रास्ता आहे. एकनाथरावांनी स्वतः सुनावणीला उभं राहून सांगायचं, की पहिलं बयान चुकीचं होतं. माझ्या जमिनीत नैसर्गिक पाणी नाही. विहीर कोरडी आहे, पावसात पाणी ठरत नाही. मी दरखास्त लिहून देतो."

"ते म्हणणार नाहीत, वकीलसाहेब."

"का? घर वाचवायचं नाही का?"

दहीभाताचं आणि नाक घासल्याचं या माणसाला सांगायची त्रिवेणीला लाज वाटली. "पाण्याला नाही म्हणत नाहीत आमच्यात," एवढंच ती म्हणाली. मकरंदराव हसले, पण वाईट हसले नाहीत.

"कायद्याला कोरडं हवं आहे, बाई. ओलं असलं की सरकारचं होतं."

घरी येऊन तिनं एकनाथरावांना सांगितलं. ते उठले आणि विहिरीकडं निघून गेले. प्रभाकर दोन दिवस भांडला, मग त्यानं बोलणं टाकलं. हरकतीचा साधा अर्ज त्यानं मुदतीत टाकला होता, पण वकिलांची दरखास्त सहीविना फडताळात पडून होती. कापणी कुणासाठी थांबत नाही. पालक एक दिवस जास्त राहिला की पान जाड होतं, कोथिंबीर फुलावर जाते. पहाटे पाचला विळा हातात घ्यायचा, उकिडवं बसून बुडख्यापासून मूठ धरायची, कापायची, झटकायची, घायपाताच्या ओल्या वाखानं जुडी आवळायची. दहा वाजेपर्यंत त्रिवेणीच्या गुडघ्यांत कळ भरायची. मग टाक्यात जुड्या बुचकळायच्या आणि ओल्या बारदानात रचायच्या. चारला ऑटो निघायचा. या सगळ्यात म्हातारा पुढ्यात बसून वाख भिजवून द्यायचा. वीस वर्षांत हे कधी चुकलं नव्हतं.

सुनावणीला दोन दिवस उरले तेव्हा जुडी बांधताबांधताच त्रिवेणीनं विषय काढला.

"मामा, तुम्ही नाही म्हणलात तर मी म्हणते. माझ्या नावानं दरखास्त करू."

"पट्टा माझ्या नावावर हाय."

"मग कसं करायचं ते तुम्हीच सांगा. मानसीला घेऊन कुठं जाऊ? कोणत्या गल्लीत खोली करू? ह्यांना भाजीशिवाय काय येतं? मला तरी काय येतं?"

एकनाथरावांच्या हातातला वाख पाण्यात तसाच राहिला. "बापानं मरताना माझ्याकडून एवढंच घेतलं होतं गं," ते म्हणाले. "रान विकू नको म्हनला न्हाई. दारू पिऊ नको म्हनला न्हाई. पान्याला न्हाई म्हनू नको म्हनला. पंचाहत्तर वर्सांचा झालो, ती एक गोष्ट पाळली. आता त्या चार लोकांपुढं उभं राहून..."

त्रिवेणीला त्यांचा हात धरावासा वाटला, पण सासऱ्याचा हात कसा धरायचा. "माय समजून घेईल मामा," ती म्हणाली. "तिला ठाऊक आहे आपण कशापायी म्हणतो ते." हे म्हणताना आपण लबाडी करतोय असं तिला वाटलं. विहिरीला काय कळतं आणि काय नाही, हे तिला कुठं ठाऊक होतं.

सुनावणीच्या दिवशी म्हातारा पहाटेच अंघोळ करून बसला होता. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, काळी टोपी. निघायच्या आधी ते विहिरीकडं गेले नाहीत. रोज सकाळी जायचे, त्या दिवशी गेले नाहीत.

मकरंदरावांची दुसऱ्या कोर्टात तारीख होती. त्यांनी कागद तयार करून दिला होता. नगरपालिकेच्या हॉलमध्ये पंखे फिरत होते आणि वारा कुणालाच लागत नव्हता. एकसष्ट हरकती होत्या. दहाला बोलावलेली माणसं अडीचपर्यंत भिंतीला टेकून उभी होती. कॉलनीतली मंडळी पुढच्या खुर्च्यांवर होती, छापील फलक घेऊन आली होती. एकनाथरावांना कुणी खुर्ची दिली नाही. एकदा ते भिंतीला टेकून खाली बसू लागले तर शिपाई म्हणाला, "नीचे नक्को बैठो बाबा, मीटिंग है." ते परत उभे राहिले.

त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा पावणेतीन झाले होते. टेबलामागं चेअरपर्सन, कमिशनर आणि टाऊन प्लॅनिंगच्या मॅडम बसल्या होत्या. दोन्ही बाजूंना कौन्सिलर; त्यात यादगिरी. मॅडम तिशीच्या, बोलायला चांगल्या होत्या. त्यांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले.

"बाबा, पहले आप बोले बारह महीने पानी रहता. अब लिखे हैं नहीं रहता. सही क्या है?"

एकनाथरावांनी टोपी काढली, परत घातली. मॅडमनी पुन्हा विचारलं. त्रिवेणी मागून हळूच म्हणाली, "बोला, मामा."

"पानी न्हाई," ते म्हणाले.

"जी?"

"पानी नहीं है, माँ. मेरी जमीन में पानी नहीं."

"बावड़ी है ना?"

"सूखी है."

"बारिश में भी नहीं ठहरता?"

"नहीं ठैरता."

"फिर पालक को क्या बिसलेरी पिलाते?" पुढच्या खुर्च्यांमधून कुणीतरी म्हणालं आणि हॉलभर हशा झाला. कमिशनरसुद्धा हसले. म्हाताऱ्याची मान खाली होती. टोपीखालून घाम गळ्यापर्यंत ओघळत होता आणि त्यांनी तो पुसला नाही. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कागद वळवून सहीची जागा दाखवली. या वेळी सही करायला त्यांना फार वेळ लागला नाही.

"वन फोर्टीन से वॉटर बॉडी डिलीट," मॅडम शेजारच्या क्लार्कला म्हणाल्या. "सूखी जमीन, नो वॉटर सोर्स. लिख लो."

त्रिवेणीनं मानसीचा हात इतका दाबला की पोरगी कळवळली. घर राहिलं, टाकं राहिलं, वाफे राहिले. दोन शब्दांत. एकनाथराव कुणाकडं न बघता बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. या दोघी शिक्क्याच्या नकलेसाठी मागं थांबल्या. नक्कल हातात घेतल्याशिवाय हलू नका, असं मकरंदरावांनी बजावलं होतं. नाहीतर त्या आनंदातच घरी गेल्या असत्या.

हरकती संपल्या आणि पुढचे विषय सुरू झाले. क्लार्क तेलुगूत भराभर वाचत होता आणि कौन्सिलर फोन बघत होते. नववा विषय कचऱ्याचा होता. साऱ्या वॉर्डांचा कचरा आणून उतरवायचा, दाबायचा आणि मोठ्या गाड्यांत भरायचा, त्यासाठी दोन एकर जागा हवी होती. आधी एकशे एकतीस नंबर धरला होता, पण तो कॉलनीच्या दारासमोर येत होता. फलक त्यासाठीच आले होते. दुसरी जागा रस्त्याला लागून हवी. तळं, नाला, विहीर जवळ नको, नाहीतर घाण पाण्यात उतरते, वरून परवानगी मिळत नाही. सूखी जमीन पाहिजे.

क्लार्कनं मॅडमकडं बघितलं. मॅडमनी नुकताच लिहिलेला कागद बघितला. त्यांच्या कपाळाला बारीकशी आठी पडली, हे त्रिवेणीनं पाहिलं. ती पुसूनही गेली. मग क्लार्कनं वाचलं, "सर्व्हे नंबर नूट पद्नालुगु."

बाजारात चोवीस वर्षं तेलुगूत आकडे ऐकलेल्या बाईला एकशे चौदा कळायला कुणी लागत नाही. "ऐसा कैसा?" ती मोठ्यानं म्हणाली. "ओ मॅडम! वो हमारा है! उसमें घर है!"

"हियरिंग हो गई अम्मा," शिपाई तिला दाराकडं सारत म्हणाला. समोर हात वर झाले. पुढच्या खुर्च्यांवर टाळ्या वाजल्या. यादगिरीनंही हात वर केला, दुसऱ्या हातातल्या फोनवरून नजर न काढता.

जिन्यात त्यानं दोघींना गाठलं. "अम्मा, मेरे पे गुस्सा नक्को करो. पूरे लोग एक तरफ, मैं अकेला क्या करता? और देखो, तालाब रहता तो एक पैसा नहीं मिलता था. अब पट्टा जमीन है, सरकार कुछ ना कुछ देगी." त्रिवेणीनं त्याच्या तोंडावर थुंकायचं मनात आणलं आणि फक्त पदर डोक्यावर ओढून घेतला.

एकनाथराव पायरीवर बसून होते. "मिळाली का नक्कल?" त्यांनी विचारलं.

"मिळाली."

"मग चला. आज जुड्या कमी पडतील."

ऑटोत मानसी रडत होती. म्हातारा तिच्याकडं बघत राहिला. शेवटी त्रिवेणीनं सांगितलं. सगळं सांगितलं, एकही गोष्ट मागं ठेवली नाही.

"मी पानी न्हाई म्हनलो, म्हणून?" एकनाथरावांनी विचारलं.

"म्हणायला मी लावलं, मामा."

त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही. घरी पोचल्यावर ते विहिरीकडं पाठ करून बाजेवर पडले, आणि त्या दिवसानंतर ते विहिरीवर गेलेच नाहीत. प्यायचं पाणीही मानसीनं आणून दिलं तर पीत.

मकरंदरावांना फार वाईट वाटलं. त्यांनी एक पैसा न घेता अपील दाखल केलं, आणि तारीख पडली आषाढातली. नगरपालिकेला आषाढापर्यंत थांबायचं कारण नव्हतं. वैशाखाच्या शेवटच्या आठवड्यात कुंपणाचं काम सुरू झालं. सिमेंटचे खांब आणून कोथिंबिरीच्या वाफ्यावरच उतरवले. प्रभाकर आडवा गेला तर सुपरवायझरनं त्याला ऑर्डर दाखवली आणि रस्त्यात उभी असलेली पोलिसांची जीपही दाखवली. प्रभाकर ऑटोत जाऊन बसला. स्टिअरिंगला डोकं टेकवून तो कितीतरी वेळ तसाच होता.

त्रिवेणी उरलेला पालक कापत होती. काही झालं तरी चारला माल जायचा होता. एकनाथराव बांधावर वाख भिजवत बसले होते. चार मजूर खांबांसाठी खड्डे घेत होते. वरची माती टणक, पहारीनं ठणठण वाजत होती. पहिला खड्डा तीन फूट गेला तेव्हा मजूर थांबला. त्यानं वाकून बघितलं आणि हाक मारली, "सार, नीळ्ळु वस्तुन्नाय."

खड्ड्याच्या तळाला पाणी येत होतं. आधी गढूळ, मग निवळत, हळूहळू वर चढत. दुसऱ्या खड्ड्यातही आलं. तिसऱ्यातही. मजूर पहार टाकून बाजूला झाले. काँक्रीट कालवून ठेवलेलं होतं, ते या पाण्यात धरणार नव्हतं.

मानसी फोन घेऊन धावली. "आबा! पाणी! पाणी असलं की कचरा टाकता येत नाही, तो रूल आहे. मी फोटो काढते, वकीलकाकांना पाठवते!" तिनं फोन खड्ड्यावर धरला. मग तिचा हात हळूहळू खाली आला. ती आईकडं वळली आणि दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. पाणी दाखवलं की नकाशात पुन्हा निळा डाग येणार होता, रान पुन्हा शिकम होणार होतं. मानसीनं फोन ओढणीत गुंडाळला.

सुपरवायझर तणतणत बांधाशी आला. "बाबा, तुम सही करके दिए थे ना, पानी नहीं है करके?"

"दिया था," एकनाथराव म्हणाले.

"फिर ये क्या है?"

म्हातारा उठला. गुडघ्यावर हात रोवून, दोनदा थांबत, खड्ड्यापर्यंत गेला. पाणी आता हातभर चढलं होतं आणि त्यात आभाळ दिसत होतं. कितीतरी दिवसांनी ते आपल्या रानातल्या पाण्याकडं बघत होते. त्रिवेणीला वाटलं, आता ते आत हात घालतील, निदान डोळ्यांना तरी लावतील. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतले.

"हमारा नहीं है बाबू," ते म्हणाले. "हम नहीं बोल दिए ना उसको. अब ये तुम्हारा है."

सुपरवायझरनं कपाळावर हात मारला आणि उपसायला बादली मागितली. त्रिवेणीनं टाक्यावरची भाजी धुवायची बादली आणून दिली.